चार नंबरची किल्ली

लोहाऱ्याला जाणारी एसटी गावाच्या अलीकडं एका कमानीपाशी थांबते. कमानीवर 'ज्येष्ठ नागरिक भाडे-साहाय्य निवास' असं भलंमोठं नाव रंगवलेलं आहे, पण ते कमानीवरच राहिलं, कुणाच्या तोंडात काही बसलं नाही. कंडक्टर "चला, म्हातारवाडी उतरा" म्हणून घंटी मारतो आणि उतरणारी म्हातारी माणसं त्यावर रागवतही नाहीत. खरं बोलणाऱ्यावर रागवायचं तरी किती?

आत बैठ्या खोल्यांच्या तीन ओळी आहेत. पहिल्या ओळीत ज्यांचं ज्यांना जमतं ती माणसं: स्वतःचा स्वयंपाक, स्वतःचं धुणं, स्वतःची किल्ली. दुसऱ्या ओळीत ज्यांना थोडा हातभार लागतो ती. त्यांना डबा खोलीवर येतो आणि आंघोळीच्या वेळी मदतीला माणूस येतं. तिसरी ओळ म्हणजे एक लांब हॉल, त्यात कठड्याच्या खाटा आणि कायम एक सिस्टर हजर. भाडं ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्यानं द्यायचं, उरलेलं संस्था भरते, मग ओळ कुठली का असेना. हे शेवटचं वाक्य संस्थेच्या लोकांनी प्रत्येकाला येतानाच समजावून सांगितलं होतं. प्रत्येकानं मान डोलावली होती आणि एकानंही त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

चार नंबरच्या खोलीत धुरपताबाई राहायची. माहेरी होती तेव्हा दाराला कडी आई लावायची, सासरी आली तेव्हा सासू. नवरा गेल्यावर मुलगा रणधीर तिला पुण्याला घेऊन गेला. रणधीर चांगला, सून हर्षाली चांगली, फ्लॅटही चांगला. फक्त धुरपताबाईची जागा हॉलमधल्या दिवाणावर होती, आणि टीव्ही बंद झाल्याशिवाय तिला पाठ टेकता यायची नाही. पोराला वाईट वाटू नये म्हणून तिनं तिथं बरेच दिवस काढले आणि एका सकाळी म्हणाली, "मला माज्या मुलखात नेऊन सोड." म्हातारवाडीत हातात चार नंबरची किल्ली पडली तेव्हा ती कितीतरी वेळ उगाचच कुलूप लावत होती आणि उघडत होती. आयुष्यात पहिल्यांदा एक दार तिचं झालं होतं. ती किल्ली तिनं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. मंगळसूत्र उतरल्यापासून गळा मोकळा वाटायचा, तोही प्रश्न मिटला.

शेजारी पाच नंबरात आण्णासाहेब. एकेकाळचे सरपंच. कडक इस्त्रीची टोपी, बाराही महिने अंगात जाकीट, आणि "पाऊस येईल" हे सुद्धा ठराव मंजूर झाल्यासारखं सांगायची सवय. बायको लक्ष्मीबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकटा माणूस म्हणून धुरपताबाई रोज सकाळी त्यांच्या कट्ट्यावर कपभर चहा नेऊन द्यायची. आण्णासाहेब कपाकडं बघतही नसत. हात जाकिटाच्या खिशात, नजर रस्त्यावर. "ठेवा. गार होऊ द्या," म्हणायचे.

धुरपताबाईचा जीव ह्यात जळायचा. आलं ठेचून, उकळी आणून केलेला चहा, आणि हा बाबा तो गार करून पिणार! सरपंचकीचा ताठा, दुसरं काय, असं ती मनाशी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेऊन द्यायची.

दसरा झाला आणि सिस्टर शिवलीलानं सगळ्यांना कडुलिंबाखाली जमवून सांगितलं, "पुढच्या आठवड्यात संस्थेचे साहेब येणार आहेत. प्रत्येकाची पाहणी होणार. कुणाला किती मदत लागते ते बघणार."

पाहणी आणि मदत! हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्या भागातलं माणूस झोपेतून उठून बसतं. दुष्काळाची पाहणी, गारपिटीची पाहणी, भूकंपानंतरची पाहणी. हातात पॅड धरलेला साहेब बांधावर आला की चेहरा पाडायचा, शर्ट फाटका घालायचा, दुभती म्हैस पाव्हण्याच्या गोठ्यात नेऊन बांधायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि आण्णासाहेबांनी तर असे पंचनामे जन्मभर करून घेतलेले. शिवलीलाची पाठ वळताच ते कट्ट्यावर उभे राहिले.

"आयका. जो धडधाकट दिसला त्याची मदत गेली. भाडं डोक्यावर बसलं म्हणून समजा. सायब यील त्या दिशी एकानं बी ताठ चालायचं न्हाय."

"आन् कसं चालायचं?" बब्रुवाननं विचारलं. हा जन्मभर ढोकीच्या कारखान्यावर ट्रॅक्टरनं ऊस वाहिलेला गडी, अजून एका हातानं पाण्याचा ड्रम हलवणारा.

"लंगडत चाल. दोन पायातला कुटला बी एक धर. आन् हात सगळ्यांनी हलवायचं. असं." आण्णासाहेबांनी उजवा हात जाकिटातून काढून समोर धरला. हात असा थरथरला की बघणाऱ्यांच्या तोंडाचा आ झाला. बोटं वेगळी, मनगट वेगळं.

"वा!" पहिल्या ओळीतले हणमंतप्पा म्हणाले. "ह्याला म्हन्त्यात कला."

आठवडाभर म्हातारवाडीत हात हलवायचा सराव चालला. भाजी निवडता निवडता, जप करता करता माणसं हात हलवत होती. पण आण्णासाहेबांसारखा कुणाचाच जमेना.

साहेब आला तो निघाला कुमार नावाचा तरणा मुलगा, चष्मा लावलेला, सगळ्यांना वाकून नमस्कार करणारा. कडुलिंबाखाली खुर्ची टाकून तो बसला आणि एकेकाला समोरच्या नळापर्यंत चालत जाऊन यायला सांगू लागला. बब्रुवान जाताना डाव्या पायानं लंगडला आणि येताना उजव्या. हणमंतप्पांनी ऐकू येत नसल्याचं सोंग आणलं. कुमारनं पाणी पिता पिता हळूच "चहा मागवायचा का सगळ्यांना?" असं शिवलीलाला विचारलं, तर हणमंतप्पा लांबून म्हणाले, "माजा बिनसाखरेचा." बाकीच्यांचे हात हलत होते, पण माशा हाकलल्यासारखे. कुमार ओठ दाबून हसत होता आणि सगळ्यांच्या नावापुढं 'पहिली ओळ, ठीक' असं लिहीत होता.

आण्णासाहेबांची पाळी आली तेव्हा मात्र गंमत झाली. ते ताठ चालत आले, हात जाकिटाच्या खिशात, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी कुमारला त्याचं गाव विचारलं. मग आडनाव. मग आजोळ. शेवटी तो त्यांच्या मेव्हण्याच्या पाव्हण्यांतलाच निघाला. पाहणी कुणाची चालली आहे हे कुमारच्या ध्यानात येईपर्यंत आण्णासाहेब उठूनही गेले होते.

'आम्हाला लंगडायला लावून हा बाबा खुशाल ताठ!' धुरपताबाईला राग आला. पण तिचं नाव पुकारलं गेलं होतं, आणि काम अर्धवट करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

ती नळापर्यंत जाताना तीनदा खाली बसली. कुमार धावत आला तर त्याच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "कोन, रणधीर का? आलास का लेकरा?" कुमारचा चष्मा धुरकट झाला. आज वार कुठला, तर तिला ठाऊक नाही. जेवली का, तर आठवत नाही. गॅस पेटवता येतो का, तर "काडी धरना गेलीय रं हातानं" म्हणताना तिच्या डोळ्यांतून खरोखर पाणी आलं. हे पाणी कुठून आलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

"अहो साहेब, ह्या आजी तर रोज पहाटे उठून..." शिवलीला सांगायला गेली.

धुरपताबाई असं काही कण्हली की तिचं वाक्य तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी शिवलीला चाकाची खुर्ची घेऊन चार नंबरच्या दारात उभी. धुरपताबाई त्या वेळी पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटत होती.

"चला आजी. तुमची मदत मंजूर झाली."

"किती माफ केलं?"

"माफ काही नाही. तिसरी ओळ दिली. किल्ली द्या."

धुरपताबाईच्या हातातला वरवंटा तसाच राहिला. शिवलीलानं तिच्या गळ्यातला काळा दोरा अलगद काढून घेतला, तेव्हा तिला नवरा गेला त्या दिवसाची आठवण झाली. "अगं बाई, म्या नाटक केलं गं!" ती ओरडली.

"मला माहीत आहे," शिवलीला म्हणाली. "मी सांगायलाच गेले होते. तुम्हीच कण्हलात. आता ऑर्डर निघाली. साहेब येळवस अमावास्येच्या आधी पुन्हा येतील तेव्हा फेरपाहणी मागू. तोवर कागद तिसऱ्या ओळीचा, तर सेवा पण तिसऱ्या ओळीची."

आणि ती सेवा शिवलीलानं जीव ओतून केली. ह्या पोरीच्या डोळ्यांत हसू होतं की नव्हतं, ते देव जाणे. सकाळी कोमट पाण्यानं तोंड पुसायचं, दुपारी बिनतिखटाची पातळ खिचडी चमच्यानं भरवायची. जिनं जन्मभर काळ्या तिखटाशिवाय घास गिळला नाही तिला ती खिचडी घशाखाली उतरेना. संध्याकाळी चाकाच्या खुर्चीतून हवा खायला नेत, तर पहिल्या ओळीतली सगळी उठून उभी राहायची आणि बब्रुवान टोपी काढायचा. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण धुरपताबाईला जिवंतपणीच आपली यात्रा निघाल्यासारखं वाटायचं.

आपण धडधाकट आहोत हे दाखवायला तिनं काय केलं नाही? सगळा हॉल झाडून काढला, तर शिवलीला म्हणाली, "एवढा उत्साह बरा नाही आजी, बीपी बघू." कठड्यावरून उडी मारून दाखवली, तर कठडा उंच केला. "मला काय बी झालं न्हाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि येणारे-जाणारे हळहळून मान हलवायचे, कारण त्या हॉलमधलं प्रत्येक माणूस हेच सांगत होतं.

एक नीलम्मा मात्र पहिल्याच दिवशी हसली होती. शेजारच्या खाटेवरची ही म्हातारी उमरग्याच्या पलीकडची, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारी. ती खरीच अंथरुणाला खिळलेली होती. तिचे दोन्ही हात सारखे थरथरत, म्हणून तिला पाणीही कुणीतरी पाजावं लागे. धुरपताबाईनं हळूहळू ते काम आपल्याकडं घेतलं.

फेरपाहणीची एक अट होती. पहिल्या ओळीत परत जायचं तर त्या ओळीतल्या सख्ख्या शेजाऱ्यानं साहेबासमोर येऊन सांगायचं, की ही बाई तिचं तिचं सगळं करते, आणि तसं लिहिलेल्या कागदावर सही करायची. सख्खा शेजारी एकच. पहिले तीन नंबर ऑफिस आणि कोठीला गेलेले, म्हणून चार नंबर हेच राहत्या खोल्यांतलं पहिलं दार होतं, त्याच्या अलीकडं पाण्याची टाकी आणि पलीकडं आण्णासाहेब.

धुरपताबाईनं बब्रुवानच्या हाती निरोप धाडला. आण्णासाहेबांचं उत्तर आलं, "बगू." दुसरा निरोप धाडला तर चष्मा सापडत नव्हता. तिसरा धाडला तर आण्णासाहेब तेरखेड्याला गेले होते. तेरखेडा फटाक्यांचं गाव, आणि दिवाळी होऊन कधीच गेलेली. ह्या वयात ह्या माणसाला तिथं काय काम होतं?

"मुद्दाम करायलाय," धुरपताबाई चिडून नीलम्माला म्हणाली. "आमाला सोंगं आनाय लावली, आपुन ताठ ऱ्हायला, आन् आता सही कराय बी येईना. कसला ताठा म्हन्ते मी! रोज म्या च्या न्यायची तर कपाकडं बगायचा न्हाय. ठेवा, गार होऊ द्या. हात जाकिटात!"

नीलम्मानं तिच्याकडं मान वळवली. मग म्हणाली, "यव्वा, म्या बी तसंच करत हुते."

"काय?"

"पयल्या ओळीत हुते की मी. हात हलाय लागले. कळलं तर खोली जाईल. मग च्या आला की म्हनायचं, ठेव तितं, गार होऊ दे. समदी गेली की वाकायचं आन् कप न उचलता तोंड लावून प्यायचं. गार लागतंय त्यासाठी. गरम असला तर तोंड भाजतंय की." ती हसली. "तू न्हवं का नाटक केलीस आजारी हाय म्हनून? ते सोपं हाय. बरं हाय म्हनून नाटक कर बगू रोज. लई दमायला हुतंय."

धुरपताबाईच्या डोळ्यांपुढं कट्ट्यावरचा तो हात आला. बोटं वेगळी, मनगट वेगळं. आठवडाभर सराव करूनही जो कुणालाच जमला नव्हता. रोजच्या रोज आपण मनातल्या मनात त्या माणसाला ताठ्या म्हणून शिव्या घातल्या, ह्याची तिला लाज वाटली.

त्या दिवशी चाकाची खुर्ची हवा खायला निघाली तेव्हा तिनं ती पाच नंबरच्या कट्ट्यापाशी थांबवायला लावली आणि शिवलीलाला पाणी आणायला पिटाळलं. आण्णासाहेब उठून आत जायच्या बेतात होते.

"बसा," धुरपताबाई म्हणाली. "तेरखेड्याहून कवा आलात?"

आण्णासाहेबांनी रस्त्याकडं बघितलं.

"मला कळलंय," ती हळूच म्हणाली. "तुमचं हात."

जाकिटाचे दोन्ही खिसे हलले. आण्णासाहेब बोलले, पण त्यात ठरावाचा आवाज नव्हता. "एकाच रानातलं पीक जळालं, तर लोक म्हन्त्यात गडी आळशी हाय. सगळ्या शिवाराचं जळालं तर त्याला दुष्काळ म्हन्त्यात. म्हनलं, सगळ्यांचंच हात हलले तर माजा कोन बगतंय? पाहणीच्या दिशी ते बी करायची हिंमत झाली न्हाय. तुमची खोली जाईल असं वाटलं नव्हतं, धुरपताबाई. एवढं चांगलं करायची काय गरज व्हती तुमाला?"

"मला काय बी अर्धं कराय येत न्हाय," ती म्हणाली. "आयका. सायबाफुडं तुमी येऊ नगा. सही कराय गेलात तर हात दिसंल, तुमची साक्ष बी धरायचं न्हाईत, आन् दोघांच्या बी खोल्या जात्याल. म्या बगते माजं काय ते."

हे बोलताना तिला वाटलं की आपण फार मोठं काहीतरी केलं. रात्रीच्या पातळ खिचडीचा पहिला चमचा तोंडात गेला आणि तिला वाटलं की आपण मोठा मूर्खपणा केला. येळवस, शिवारात जमून जेवायचा सण, चार दिवसांवर आलेली. चार नंबरमधल्या गॅसवर तिला पालेभाज्या-दाण्यांची भज्जी शिजवायची होती, बाजरीचे उंडे करायचे होते, मडकंभर आंबील करायची होती. आता ही येळवस गेली म्हणायची. ह्याच्यापुढच्या सगळ्याच गेल्या.

कुमार आला. कडुलिंबाखाली पुन्हा खुर्ची मांडली गेली आणि सगळी म्हातारवाडी जमली. धुरपताबाई नळापर्यंत गेली ती जवळजवळ पळतच, येताना भरलेली कळशी कमरेवर घेऊन आली. वार सांगितला, तिथी सांगितली. कुमार हसला. "आजी, हे सगळं बरोबर आहे. पण मागच्या वेळी तुम्ही मला रणधीर म्हणाला होतात. नियमानं शेजाऱ्यांची साक्ष लागेल. शेजारी कुठं आहेत?"

धुरपताबाई तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "हितं हाय."

आण्णासाहेब नवं धोतर नेसून आले होते. टोपी कडक. हात जाकिटात. त्यांनी धुरपताबाईकडं बघितलं नाही. कुमारसमोर उभे राहून त्यांनी ठरावाच्या आवाजात सांगितलं, "ही बाई पहाटं उठती. आपलं आपुन समदं करती. वर शेजाऱ्याला च्या देती. पहिल्या ओळीत हिच्याइतकं धडधाकट कोन बी न्हाय. आमी बी न्हाय."

"छान. मग इथं सही करा," म्हणून कुमारनं पेन पुढं केलं.

आण्णासाहेबांची सही साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. शेवटच्या अक्षराची शेपटी ओढत कागदाच्या कडेपर्यंत नेऊन वर वळवलेली. ह्या सहीवर विहिरी मंजूर झाल्या होत्या, लग्नं जुळली होती, बब्रुवानच्या तर रेशनकार्डावर होती.

"शाईचं पॅड हाय का?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"कशाला?"

"आंगठा देतो."

"पण तुम्ही तर सरपंच होता ना?"

"व्हतो," आण्णासाहेब म्हणाले. त्यांची मान ताठ होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "समदं ग्रामसेवक लिहायचा. आमी अंगठाबहाद्दर. आमाला सही येत न्हाय."

बब्रुवानचं तोंड उघडलं. धुरपताबाईनं त्याच्या पायावर पाय देऊन असा दाबला, की ह्या वेळी तो गडी दोन्ही पायांनी खराखुरा लंगडला असता. हणमंतप्पांना अचानक काहीच ऐकू येईनासं झालं. शिवलीलानं मुकाट्यानं पॅड आणून ठेवलं.

आण्णासाहेबांनी उजवा हात खिशातून काढायला घेतला. तो पुरता बाहेर यायच्या आतच धुरपताबाई पुढं झाली आणि तिनं तो मनगटापाशी दोन्ही हातांनी गच्च धरला. "म्या धरते. नव्या धोतरावर शाई सांडंल," ती म्हणाली. सगळ्या जमावासमोर परक्या बाईनं परक्या माणसाचा हात धरला होता. एरवी ह्यावर म्हातारवाडीत होळीपर्यंत चर्चा झाली असती, पण त्या वेळी कुणी हूं की चूं केलं नाही. तिच्या मुठीत तो हात पाखरासारखा फडफडत होता. तिनं अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला, आणि ठसा स्वच्छ उमटेपर्यंत सोडला नाही.

कुमार कागद घेऊन निघून गेला. शिवलीलानं खिशातून काळा दोरा काढून धुरपताबाईच्या गळ्यात घातला, किल्लीसकट. मग ती आण्णासाहेबांकडं वळली.

"आण्णासाहेब, उद्या डॉक्टर येतील, त्यांना दाखवू. मग रोज सकाळी मी खोलीवरच औषध घेऊन येत जाईन."

"औषध? कशाचं?"

"सही येत नाही त्याचं," शिवलीला म्हणाली. "आणि औषध घेतो म्हणून इथं कुणाची खोली जात नाही. हे मी मघापासून नाही, दोन वर्षांपासून सांगते आहे सगळ्यांना."

सगळ्यांनी मान डोलावली.

येळवसच्या दिवशी कडुलिंबाखाली सतरंज्या पडल्या. पलीकडच्या रानात ज्वारी कमरेएवढी उभी होती, हरभरा घाट्यांवर आला होता. धुरपताबाई पहाटेपासून चार नंबरमध्ये राबत होती. भज्जी, उंडे, शेंगदाण्याची चटणी, सगळं बाहेर आलं. नीलम्माला चाकाच्या खुर्चीतून आणून सतरंजीच्या कडेला बसवलं होतं. शेवटी आंबिलीचं मडकं आलं. पण त्याच्यासोबत वाट्या नव्हत्या. धुरपताबाईनं खोल्याखोल्यांतून गोळा केलेले पितळेचे, स्टीलचे, पोचे आलेले तांबे सतरंजीवर ओळीनं मांडले आणि प्रत्येकात निम्म्यापर्यंत आंबील ओतली.

"अवो, वाटीत द्या की," बब्रुवान म्हणाला. "म्हशीला पाजल्यागत तांब्यात कामून?"

"आज समद्यांला तांब्यातच. दोनी हातानं धरायचा आन् प्यायचं," ती म्हणाली. "ज्याला नगं त्यानं उपाशी ऱ्हावं."

मग सगळ्यांनी दोन्ही हातांनी तांबे उचलले. एक तांब्या तिनं नीलम्माच्या हातांत दिला आणि खालून नुसता तळवा लावला. एक तांब्या आण्णासाहेबांपुढं ठेवला. त्यांचे हात जाकिटात होते. त्यांनी रस्त्याकडं बघत सवयीनं म्हटलं, "ठेवा. गार होऊ द्या."

"आंबील हाय ती, आण्णासाहेब," धुरपताबाई म्हणाली. "ती गारच असती. प्या."

हणमंतप्पांना ठसका लागला, बब्रुवान खो खो हसला, आणि नीलम्मा तर कानडीतच सुरू झाली. आण्णासाहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळ्या सतरंजीवर दोन दोन हात आणि एक एक तांब्या. कुणाचा हलत होता, कुणाचा नव्हता, आणि बघत कुणीच नव्हतं. त्यांनी जाकिटातून दोन्ही हात बाहेर काढले, तांब्या उचलला, आणि सगळ्यांच्या बरोबरीनं तोंडाला लावला.

"मीठ कमी हाय," ते ठरावाच्या आवाजात म्हणाले, आणि धुरपताबाई मीठ आणायला आपल्या खोलीकडं गेली.